गोल मोजकेच, तरी नापोलीच्या दोन विजेतेपदांत स्लोव्हाकियाचा लोबोत्का इतका महत्त्वाचा का ठरला?

2023 मध्ये नापोलीने इटलीची लीग, म्हणजे सेरी ए, जिंकली. तब्बल 33 वर्षांनी. तेव्हा सोशल मीडियावर दोघांचेच व्हिडिओ फिरत होते. एक 26 गोल मारणारा व्हिक्टर ऑसिमेन आणि दुसरा बचावपटूंना चकवत पळणारा ख्विचा क्वारात्स्खेलिया.

दोनच वर्षांनी, 2025 मध्ये, नापोली पुन्हा चॅम्पियन झाली. तोवर ऑसिमेन तुर्कीत खेळत होता, क्वारात्स्खेलिया पॅरिसला गेला होता आणि प्रशिक्षकही बदलले होते. नवा हिरो होता स्कॉट मॅकटॉमिने. पण दोन्ही संघांत जे खेळाडू कायम राहिले, त्यात मधल्या फळीतला एक जण होता. जेमतेम 170 सेंटीमीटर उंचीचा स्लोव्हाकियाचा स्तानिस्लाव लोबोत्का.

त्याचे नापोलीसाठीचे गोल एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मग प्रश्न पडतो, हा खेळाडू नेमकं करतो काय?

एकेक पायरी चढत इटलीपर्यंत

लोबोत्काचा जन्म 25 नोव्हेंबर 1994 चा, स्लोव्हाकियातल्या ट्रेंचिन शहरातला. तिथल्याच क्लबमध्ये तो घडला. 2013-14 च्या हंगामात नेदरलँड्सच्या अयाक्सने त्याला लोनवर घेतलं. तो त्यांच्या राखीव संघाकडून दुसऱ्या श्रेणीची लीग खेळला, पण अयाक्सने त्याला कायम ठेवलं नाही.

तो घरी परतला. पुढच्याच हंगामात ट्रेंचिनने स्लोव्हाकियाची लीग आणि कप दोन्ही जिंकले. मग 2015 मध्ये डेन्मार्कचा नॉर्शेलँड, 2017 मध्ये स्पेनचा सेल्टा व्हिगो आणि जानेवारी 2020 मध्ये नापोली.

साधारण 54 लाख लोकसंख्येच्या स्लोव्हाकियातल्या खेळाडूंसाठी हा मार्ग नेहमीचा आहे. देशातली लीग छोटी, पैसा कमी. त्यामुळे चांगल्या खेळाडूला लवकर बाहेर पडावं लागतं आणि प्रत्येक देशात स्वतःला नव्याने सिद्ध करावं लागतं.

नापोलीत आधी बाकावर

नापोलीत स्लोव्हाक मिडफिल्डर म्हटलं की आजही पहिलं नाव येतं मारेक हामशिकचं. 12 वर्षं, 520 सामने, 121 गोल. क्लबसाठी सर्वाधिक गोलांचा मॅराडोनाचा विक्रम 2017 मध्ये त्यानेच मोडला होता. तो 2019 च्या फेब्रुवारीत चीनला गेला आणि वर्षभरात लोबोत्का आला. साहजिकच तुलना झाली.

पण दोघांचं काम वेगळं. हामशिक पुढे धावत जाऊन गोल करणारा, तर लोबोत्का मागे थांबून खेळ चालवणारा. त्यात प्रशिक्षक जेनारो गात्तुझो यांच्या काळात त्याला फारशी संधी मिळेना. 2020-21 मध्ये नापोली बहुतेकदा 4-2-3-1 या रचनेत खेळायची. त्यात बचावापुढे दोघं असतात आणि तिथे इतर खेळाडूंना पसंती होती. लोबोत्काच्या फिटनेसवरही इटालियन माध्यमांत टीका झाली. ही खरेदी फसली, असंच तेव्हा चित्र होतं.

मग बदललं काय?

2021 च्या उन्हाळ्यात लुचानो स्पालेत्ती प्रशिक्षक म्हणून आले. त्यांचा संघ हळूहळू 4-3-3 कडे वळला. या रचनेत तीन मिडफिल्डरपैकी एक जण बचावापुढे मधोमध राहतो. इटलीत या भूमिकेला 'रेजिस्टा' म्हणतात. इटालियनमध्ये सिनेमाच्या दिग्दर्शकालाही हाच शब्द आहे. दिग्दर्शक पडद्यावर दिसत नाही, पण कुठला सीन कधी येणार हे तो ठरवतो. लोबोत्काचं काम तेच.

आता हे काम समजून घेऊ. आजकाल बहुतेक संघ वरूनच प्रेसिंग करतात. म्हणजे समोरच्या बचावपटूकडे चेंडू असतानाच त्याच्यावर धावून जातात. अशा वेळी बचावपटू घाबरून लांब फटका मारतो आणि चेंडू हातचा जातो. लोबोत्का मात्र दोन-तीन जण अंगावर येत असताना चेंडू मागतो. कमी उंचीमुळे त्याचा तोल खाली असतो. तो एका गिरकीत वळतो आणि पास देऊन मोकळा होतो. अंगावर आलेले विरोधक मागे पडतात आणि पुढे मोकळी जागा तयार होते.

त्या जागेत धावणारा क्वारात्स्खेलिया आपल्याला रीलमध्ये दिसतो. आधीची गिरकी मात्र एडिटिंगमध्ये कापली जाते. गोल आणि असिस्टच्या तक्त्यातही तिची नोंद होत नाही, कारण असिस्ट म्हणजे गोलआधीचा शेवटचा पास. ही गिरकी त्याच्याही दोन-तीन पास आधीची असते.

विरोधकांनी मात्र ओळखलं

लोबोत्काचं महत्त्व कळायला एप्रिल 2023 मधले सामने पाहावेत. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत नापोलीसमोर एसी मिलान होता. मिलानचे प्रशिक्षक स्तेफानो पिओली यांनी इस्माइल बेनासेरला नेहमीपेक्षा पुढे खेळवलं. काम एकच, लोबोत्काला चिकटून राहायचं. पहिला सामना मिलानने 1-0 असा जिंकला आणि गोलही बेनासेरनेच केला. दुसरा सामना 1-1 असा सुटला आणि नापोली बाहेर पडली.

पहिल्या सामन्यात ऑसिमेन दुखापतीमुळे नव्हता, हेही खरं. पण जो लीगमध्ये क्वचितच गोल करतो, त्याच्यासाठी मिलानने एक माणूस राखून ठेवला होता. प्रतिस्पर्ध्याने केलेलं हे मोजमाप कुठल्याही तक्त्यापेक्षा बोलकं आहे.

देशाच्या जर्सीतही तीच भूमिका

युरो 2024 मध्ये स्लोव्हाकियाचे प्रशिक्षक होते फ्रान्चेस्को कालझोना. ते आधी नापोलीत सहायक होते आणि 2024 च्या पूर्वार्धात नापोलीचेही मुख्य प्रशिक्षक होते. त्यामुळे लोबोत्काला क्लब आणि देश दोन्हीकडे ओळखीची पद्धत मिळाली. फिफा क्रमवारीत तेव्हा तिसऱ्या असलेल्या बेल्जियमला स्लोव्हाकियाने 1-0 ने हरवलं. बाद फेरीत इंग्लंडविरुद्धही ते भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटापर्यंत 1-0 ने पुढे होते. मग ज्यूड बेलिंगहॅमची ती ओव्हरहेड किक आली आणि जादा वेळेत हॅरी केनच्या गोलवर इंग्लंड जिंकला. तो सामना आज त्या एका किकसाठीच आठवला जातो.

पुढे काय?

लोबोत्काने तिशी ओलांडली आहे. 2024 मध्ये नापोलीने ब्रायटनकडून बिली गिल्मोरला घेतलं, ते याच जागेसाठी पर्याय हवा म्हणून. स्लोव्हाकियासारख्या छोट्या देशाला असा पर्याय विकत घेता येत नाही, तो घडवावाच लागतो.

लोबोत्काची कारकीर्द एक गोष्ट स्पष्ट सांगते. 2021 मध्ये फसलेला वाटणारा आणि 2023 मध्ये विजेता ठरलेला खेळाडू एकच होता. कौशल्य तेच होतं, फक्त त्या कौशल्याची गरज असलेली जागा त्याला मिळाली. त्यामुळे एखाद्या मिडफिल्डरला गोलांच्या आकड्यावरून फ्लॉप ठरवण्याआधी पूर्ण सामना पाहा आणि एवढंच तपासा: संघ अडचणीत आला की चेंडू कोणाकडे जातो?