खरे क्षेत्रफळ कोणते?

'सोलापूर जिल्ह्यातील माळढोक' या विषयावर प्रकल्प करा, असे बाईंनी सांगितले तर तुम्ही प्रथम काय कराल? बहुतेक जण हाती लागेल ते पहिले पुस्तक उघडतील, दोन पाने उतरवून काढतील आणि चित्र चिकटवून वही देऊन टाकतील. पुस्तकाच्या जागी मोबाइल आला, एवढाच काय तो फरक! माझ्या मते हा अभ्यास नव्हे, ही नक्कल आहे.

समजा, एका पुस्तकात नान्नजच्या माळढोक अभयारण्याचे क्षेत्रफळ सुमारे ८,४९६ चौ. किमी. दिले आहे आणि दुसऱ्यात सुमारे १,२२२ चौ. किमी. मग खरे कोणते? दोन्ही! १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले तेव्हाचे क्षेत्र पहिले. पुढे हद्द नव्याने ठरली तेव्हाचे दुसरे. एकच पुस्तक पाहणाऱ्याला ही गोष्ट कधी कळणारच नाही. म्हणून आकडा टिपण्यापूर्वी तो कोणत्या वर्षाचा आहे, हे पाहावे.

मग ग्रंथालयात शोध सुरू कसा करावा? प्रथम प्रश्न ठरवा. 'माळढोक' हा विषय झाला. 'माळढोकांची संख्या का घटली?' हा प्रश्न झाला. प्रश्न हाती असला की काय वाचायचे आणि काय सोडायचे, हे समजते.

नंतर मराठी विश्वकोशासारखा संदर्भग्रंथ पाहा. तेथे विषयाची तोंडओळख होते आणि पुढच्या शोधाला लागणारे शब्द मिळतात. हे शब्द फार महत्त्वाचे. माळढोकाचे शास्त्रीय नाव आज 'आर्डिओटिस नायग्रिसेप्स' आहे. जुन्या पुस्तकांत 'कोरिओटिस नायग्रिसेप्स' आढळते. आपल्या जिल्ह्याचे १८८४ चे इंग्रजी गॅझेटियर 'सोलापूर' नव्हे, तर 'शोलापूर' या नावाने छापलेले आहे. एकाच नावाने शोधणारा अर्ध्या माहितीला मुकतो.

आता कपाटाकडे वळा. ड्यूई दशांश पद्धतीत पक्ष्यांचा क्रमांक ५९८ आहे. हवे ते पुस्तक सापडले की त्याच्या शेजारची पुस्तकेही चाळा. सगळे पुस्तक वाचण्याची गरज नाही. शेवटची सूची पाहून नेमके पान काढा. मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, हे तेथे वाचाल तेव्हा तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा हाती येईल. तो स्वतःच्या शब्दांत टिपा आणि शेजारी लेखक, पुस्तक, वर्ष व पृष्ठ लिहा. अडलात तर ग्रंथपालांना विचारा. त्यात कमीपणा कसला?

शिक्षकांनाही एक विनंती. प्रकल्पाच्या सजावटीला गुण देण्याऐवजी विद्यार्थ्याने कोणता प्रश्न विचारला आणि किती ठिकाणी पडताळून पाहिले, याला गुण द्यावेत. शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असेल, तर आधी ते काढावे.

दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले की गोंधळून जाऊ नका, मित्रहो. खरा शोध तेथूनच सुरू होतो.