गॅस मीटरच्या अर्थिंगची तपासणी ग्राहकासमोर व्हावी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
कोल्हापूर

विषय : पाइपलाइन गॅसच्या इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्रांची उभारणी व अर्थिंग तपासून त्याची लेखी नोंद ग्राहकाला देण्याबाबत.

महोदय,

कोल्हापूर परिसरात पाइपलाइनचा गॅस वापरणारे लहान कारखानदार आणि मोजणी यंत्रांची जोडणी करणारे तंत्रज्ञ, असे आम्ही मिळून हे निवेदन देत आहोत. दाभोळ–बेंगळुरू गॅसवाहिनी २०१३ साली सुरू झाली. पुढे गॅसच्या नियामक मंडळाने कोल्हापूरसाठी शहर गॅस वितरण मंजूर केले. गॅस आम्हाला हवाच आहे. तो मोजणाऱ्या यंत्राचे अर्थिंग मात्र कोणी पाहत नाही, एवढेच आमचे गाऱ्हाणे आहे.

मीटर फक्त घनमीटर मोजतो. शेजारचा इलेक्ट्रॉनिक करेक्टर त्या क्षणाचा दाब व तापमान घेऊन ते आकारमान १५ अंश सेल्सिअस आणि १.०१३२५ बार या प्रमाण स्थितीला आणतो, आणि बिल त्यावर निघते. मीटरवर २ बार दाब असेल तर हवेचा दाब धरून तो सुमारे ३ बार होतो. तिथे दाबाचा सेन्सर ३० मिलिबारने चुकला की बिल एका टक्क्याने चुकते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर असल्याने इथे हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास असतो. कुणी यंत्रात समुद्रसपाटीचा आकडा भरून ठेवला, तर याच मीटरवर ग्राहकाला दोन टक्क्यांहून अधिक भुर्दंड पडतो. भट्टी तीन पाळ्या चालवणाऱ्याला दोन टक्के म्हणजे काय, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

आमच्यातल्या एकाच्या कारखान्यात गेल्या उन्हाळ्यात वळिवाच्या पहिल्याच सरीला जवळ वीज पडली. सकाळी करेक्टरच्या पडद्यावर बिघाडाची खूण होती. दाबाचा सेन्सर गेला होता आणि यंत्र आत आधी भरून ठेवलेल्या ठरावीक दाबावर हिशेब करत होते. सेन्सर बदलेपर्यंत अकरा दिवस तसेच गेले. दुरुस्तीच्या वेळी आम्ही अर्थिंगच्या हिरव्या-पिवळ्या वायरचा हाताने माग काढत गेलो. तिचा क्लॅम्प पाइपच्या पिवळ्या रंगावरच आवळलेला होता. नखाने खरवडले तर खाली रंगाचा थर अखंड. धातूला वायर कधी टेकलीच नव्हती! सिग्नल केबलचे शील्ड मात्र दोन्ही टोकांना अर्थ केलेले होते. शेजारी इंडक्शन भट्टी असताना असे केले की शील्डमधूनच प्रवाह फिरतो आणि मोजणीत गोंधळ घालतो. ही चूक एका कारागिराची म्हणून आम्ही सोडून दिली असती. पण काम झाल्यावर ते तपासून सही करणारे कोणी नव्हते.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी, की मीटरला सील लावण्यापूर्वी अर्थिंगची तपासणी ग्राहकासमोर व्हावी. अर्थिंगचा रोध ओहममध्ये, वायर-पट्टीची अखंडता, शील्ड कोणत्या टोकाला अर्थ केले, सर्ज प्रोटेक्टर आहे की नाही आणि करेक्टरमध्ये भरलेला हवेचा दाब यांची नोंद एका कागदावर, ग्राहक व तपासणारा या दोघांच्या सहीने मिळावी. ही तपासणी दरवर्षी एप्रिल-मेमध्ये पुन्हा व्हावी. मुरुमाच्या जमिनीत श्रावणात घेतलेला आकडा चांगलाच येतो. जमीन तापून कोरडी पडते तेव्हाच अर्थिंगच्या खड्ड्याची खरी परीक्षा होते, आणि विजाही त्याच दिवसांत पडतात.

दुसरे, इन्सुलेटिंग जॉइंटबद्दल. जमिनीतला पोलादी पाइप गंजू नये म्हणून त्याला बारीक विद्युतदाब देऊन जपलेले असते आणि कारखान्याच्या बाजूपासून तो या जॉइंटने तोडलेला असतो. मोजणी यंत्राची अर्थिंगची पट्टी किंवा दाबाची बारीक नळी हा जॉइंट ओलांडून गेली, की ते संरक्षण कारखान्याच्या अर्थिंगमधून जमिनीत गळते. वरून काहीच दिसत नाही आणि पाइप जमिनीखाली झिजत राहतो. हा प्रश्न बिलाचा नाही, रस्त्याखालून जाणाऱ्या गॅसचा आहे. प्रत्येक जोडणीवर या जॉइंटची तपासणी सक्तीची करावी.

पंचगंगेच्या पुराचे पाणी २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ महामार्गावर आले, हे आपल्या कार्यालयाला ठाऊकच आहे. पूररेषेतील करेक्टर व जंक्शन बॉक्स पुराच्या पातळीच्या वर बसवावेत. पाणी ओसरल्यावर अर्थिंग पुन्हा तपासल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

सेन्सर बंद असलेल्या दिवसांचे बिल ठरावीक दाबावर न काढता ग्राहकाच्या मागील वापरावरून काढावे, हीही विनंती.

यासाठी वितरक कंपनी, विद्युत निरीक्षक, वैध मापन शास्त्र कार्यालय आणि आमचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक आपण वळिवापूर्वी बोलवावी. खरवडलेल्या क्लॅम्पची छायाचित्रे आणि त्या अकरा दिवसांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.

आपले विश्वासू,
पाइपलाइन गॅसचे औद्योगिक ग्राहक व तंत्रज्ञ, कोल्हापूर