वेताळाचे गुपित आणि युधिष्ठिराचा रथ

रायपूर स्थानकाच्या रुळांपलीकडे वसलेल्या गुढियारीसारख्या वस्तीतील मराठी घरात 'इंद्रजाल कॉमिक्स'चा नायक दोन नावांनी वावरू शके. शाळासोबत्याकडून आणलेल्या हिंदी अंकात तो 'वेताल' असे, नागपूरच्या नातलगांनी धाडलेल्या मराठी अंकात 'वेताळ'. भोसल्यांच्या अमदानीत, आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर हीच राजधानी असलेल्या मध्य प्रांताच्या काळात, छत्तीसगडात स्थिरावलेल्या कुटुंबांना असा दुहेरी व्यवहार अंगवळणी पडलेला होता. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे आणि 'दासबोध' हिंदीत नेणारे माधवराव सप्रे यांचे उदाहरण याच परंपरेतले. त्यात लपवाछपव नव्हती. ऐकणारा बदलला की भाषा बदले, एवढेच. त्या घरातील मुलाच्या हाती असलेल्या पुस्तकातला नायक मात्र खरोखरच लपून जगत होता, आणि त्याचे लपणे हाच त्याचा मोठेपणा मानला जात होता.

अतिमानवी नायकांच्या चित्रकथांवर लिहिणारे त्यांची वाढ सामान्यतः एकाच मापाने मोजतात: नायकात दोष केव्हा आला? १९३८ चा सुपरमॅन निर्दोष, म्हणून तो बाळबोध. १९६२ चा स्पायडरमॅन अहंकारापोटी एका चोराला निसटू देतो, तोच चोर त्याच्या काकाचा खून करतो, म्हणून तो प्रौढ. आणि १९७९ मध्ये आयर्न मॅन दारूच्या आहारी गेला तेव्हा तर हा प्रकार वाङ्मयाच्या पंगतीत बसण्यास योग्य ठरला. या मांडणीत तथ्य नाही असे नाही. परंतु ज्या दोषांची ती नोंद घेते ते सारे वाचकासमोर कबूल केलेले दोष आहेत. ज्याची कबुली दिलीच जात नाही, उलट ज्याला सद्गुणाचे वस्त्र नेसवले जाते, ते असत्य या मापाच्या पकडीबाहेर राहते. नायक आपल्या अगदी जवळच्या माणसांशी वर्षानुवर्षे खोटे बोलतो, आणि 'त्यांच्या रक्षणासाठी' एवढे म्हटले की प्रश्न मिटतो. स्पायडरमॅनच्या अहंकाराची चर्चा उदंड झाली. काकाच्या मृत्यूतला आपला वाटा त्याने वृद्ध काकूपासून, तिच्या प्रकृतीचे निमित्त करून, किती काळ दडवला याची मात्र फारशी झाली नाही.

भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला या ठिकाणी उसने माप घेण्याचे कारण नाही. महाभारतात असत्याचे दोन प्रसंग आहेत आणि दोन्हींच्या केंद्रस्थानी एकच पुरुष आहे. द्रोणपर्वात युधिष्ठिर अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी अर्धसत्य बोलतो आणि पृथ्वीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ भूमीला टेकतो. विराटपर्वात मात्र तोच युधिष्ठिर 'कंक' हे खोटे नाव धारण करून, आपण पूर्वी युधिष्ठिराचे स्नेही होतो असे सांगून, वर्षभर विराटाच्या सभेत द्यूत खेळतो. तरीही रथ अधांतरीच राहतो. असे का व्हावे? धर्माचा वर होता हे उत्तर कथेच्या पातळीवर पुरेसे आहे, पण त्याहून एक सूक्ष्म भेद तेथे दिसतो. अज्ञातवास ही उघडपणे ठरलेली अट होती. पांडव लपणार हे ज्याच्यापासून लपावयाचे त्या दुर्योधनाला ठाऊक होते, आणि लपण्याची मुदतही. द्रोणाने मात्र युधिष्ठिरालाच विचारले, ते केवळ हा खोटे बोलणार नाही या भरवशावर. रथ खाली आला तो या भरवशाच्या भंगामुळे.

हे माप चित्रकथांना लावले की चित्र पालटते. क्लार्क केंट दुष्टांपासून आपले नाव लपवतो हा अज्ञातवास झाला. लोइस लेनपासून लपवतो ते द्रोणाला दिलेले उत्तर. मुदत तर कोठेच नाही. १९३८ पासून चाललेल्या या कथेत त्याने तिला खरे सांगितले ते १९९१ साली, आणि विवाह झाला १९९६ साली. मध्यंतरी १९८० च्या चित्रपटात तिला सत्य कळते, तेव्हा शेवटी तो एका चुंबनाने तिची स्मृतीच पुसून टाकतो. प्रेक्षकांना ते हळुवार वाटावे अशी योजना आहे. वस्तुतः संबंध चित्रपटात याहून क्रूर कृत्य नाही. स्पायडरमॅनने २००६ मध्ये वार्ताहरांसमोर मुखवटा उतरवला. परिणाम म्हणून काकूला गोळी लागली, आणि २००७ मध्ये मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करून तिचे प्राण वाचवण्यात आले. मोल म्हणून त्याचा विवाह घडलाच नाही असे झाले, आणि जगाला कळलेले नावही जग विसरले. व्यवसायाला नायक पुन्हा पहिल्या जागी हवा असतो. बोललेले सत्य तेथे टिकू दिले जात नाही.

वेताळाची गोष्ट याहून अवघड आहे. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला हा नायक आपल्याकडे १९६४ पासून १९९० पर्यंत 'इंद्रजाल'मधून घरोघरी पोचला. 'चालते भूत' म्हणून त्याची ख्याती, चारशे वर्षे तो मेलेला नाही अशी जंगलाची श्रद्धा. वाचकाला मात्र पहिल्यापासून ठाऊक असते की हा एकविसावा आहे. बाप मरतो आणि मुलगा तोच पोशाख चढवतो. बांदार बुटक्यांनाही हे गुपित ठाऊक आहे, पत्नी डायनालाही. म्हणजे घरात वेताळ सुपरमॅनहून प्रामाणिक ठरतो. पण ज्या जमातींचे तो रक्षण करतो त्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या फसवल्या जातात. जंगलातील शांतता एका गोऱ्या कुळाने जपलेल्या असत्यावर उभी आहे, आणि सत्य कळले तर हे लोक आपसांत लढतील असे गृहीत धरलेले आहे. भारतीय वाचकाला हे गृहीतक ओळखीचे वाटावयास हवे होते. वाटले नाही, याचे एक कारण प्रकाशकांनीही थोडे वेषांतर केले होते: बंगालाचे 'डेंकाली' झाले, सिंग चाच्यांचे 'सिंगा', आणि वेताळाच्या बापाच्या मारेकऱ्याचे 'रामा' हे नाव बदलून 'रामालू' करण्यात आले. हिंदी कानाला खटकणारे ते काढले गेले, मूळ रचना तशीच राहिली. 'वेताळ' या नावाने तर ती अधिकच आपली वाटू लागली. आपल्या कथापरंपरेतला वेताळ विक्रमाला कोडी घालून त्याच्याकडून खरे उत्तर वदवून घेतो. हा वेताळ स्वतःविषयीच्या प्रश्नाचे खरे उत्तर कोणाला देत नाही.

मराठीत लपलेल्या नायकाची सवय त्याआधीच बाबूराव अर्नाळकरांनी लावली होती. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे नावही टोपण होते. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव, आणि चष्म्यांचे दुकान हा व्यवसाय. (क्लार्क केंटच्या चष्म्याची आठवण येथे कोणाला झाल्यास तो दोष योगायोगाचा.) त्यांचा झुंजार पोलिसांना चकवतो, पण पत्नी विजयेपासून लपत नाही, ती त्याच्या साहसांत भागीदार आहे. चाळीत आणि एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकाला घरच्यांना न कळणारा नायक बहुधा पटलाही नसता. या कथांना हलके वाङ्मय म्हणून बाजूला सारणाऱ्या मराठी समीक्षेने हा भेद पाहिलाच नाही.

आणि १९७६ मध्ये, त्याच 'इंद्रजाल'मध्ये, आबिद सुरती यांचा बहादूर आला. झब्बा आणि जीन्स, मुखवटा नाही, दुसरे नाव नाही. बाप दरोडेखोर, पोलिसांच्या गोळीने मेलेला. मुलाच्या मनात आधी सूड, मग लाज, मग गावकऱ्यांचे संरक्षण दल. रायपूर तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होते त्याच राज्यातील चंबळच्या दरोडेखोरांनी १९७२ साली जयप्रकाशांच्या पुढाकाराने जौऱ्याला शस्त्रे खाली ठेवली होती. गुढियारीच्या वाचकाला ही कथा वर्तमानपत्रातून आधीच माहीत होती. बहादूरचा कलंक त्याच्या रक्तात आहे आणि गावातील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याला लपवण्यासारखे काही उरलेलेच नाही, आणि म्हणूनच त्याच्या शब्दावर गाव विसंबते. तरीही दोन्हींच्या लोकप्रियतेत वेताळच पुढे राहिला. बहादूर 'इंद्रजाल'बरोबर १९९० मध्ये थांबला. वेताळ नंतरही दुसऱ्या प्रकाशकांकडे फिरत राहिला.

विराटपर्वात एक प्रसंग आहे. कौरवांना बृहन्नडेने जिंकले, असे कंक पुन्हा पुन्हा सांगतो. ते सत्यच असते; पण सांगणाऱ्याचे नाव खोटे, म्हणून विराटाला तो उद्धटपणा वाटतो आणि तो हातातला फासा कंकाच्या तोंडावर फेकून मारतो. नाकातून आलेले रक्त भूमीवर पडू नये म्हणून युधिष्ठिर ते ओंजळीत धरतो, आणि द्रौपदी पात्र घेऊन धावत येते.