गुरूचा गुरू कोण?

पीएच.डी.चा कोणताही प्रबंध उघडावा. पहिल्या पानावर संशोधकाचे नाव, विषय, विद्यापीठ आणि मार्गदर्शकाचे नाव एवढेच आढळते. त्या मार्गदर्शकाचा मार्गदर्शक कोण होता, हे ते पान सांगत नाही, आणि पुष्कळदा खुद्द संशोधकालाही ते ठाऊक नसते. नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले. देशभरातील प्रबंध आता ‘शोधगंगा’ या संगणकीय भांडारात साठवले जातात आणि तेथे मार्गदर्शकाच्या नावाचा स्वतंत्र रकानाही आहे. पण तो रकाना एका पिढीवर थांबतो. गुरुपौर्णिमा साजरी करणाऱ्या समाजाला हे शोभणारे नाही.

गंमत अशी, की गुरूचा गुरू शोधण्याचे वेड संगणकावर आणले ते अमेरिकेतील एका गणिताच्या प्राध्यापकाने. मिनेसोटा राज्यातील मॅनकॅटो येथील हॅरी कून्स यांनी १९९० च्या दशकात ‘मॅथेमॅटिक्स जिनिऑलॉजी प्रोजेक्ट’ सुरू केला. गणितात डॉक्टरेट मिळवणाऱ्या प्रत्येकाचे नाव, विद्यापीठ, वर्ष, प्रबंध आणि मार्गदर्शक, एवढीच नोंद. पुढे हे काम नॉर्थ डाकोटा राज्य विद्यापीठाकडे गेले. आज तेथील नोंदी तीन लाखांच्या वर आहेत. मात्र तेथे एका वेळी एकाच व्यक्तीचे पान दिसते. संपूर्ण परंपरा पाहायची तर पायरीपायरीने वर चढत जावे लागते. ही अडचण डेव्हिड आल्बर यांच्या ‘जेनिआग्राफर’ या संगणकप्रणालीने दूर केली. एका व्यक्तीचा नोंदक्रमांक दिला की ती प्रणाली मार्गदर्शकाचे पान काढते, मग त्याच्या मार्गदर्शकाचे, आणि नोंदी संपेपर्यंत वर जात राहते. जमलेल्या माहितीवरून ‘ग्राफविझ’ ही दुसरी प्रणाली आकृती काढते. तीच पाने पुन्हा पुन्हा मागवून मूळ भांडारावर भार पडू नये, म्हणून आणलेल्या नोंदी वापरणाऱ्याच्याच संगणकावर साठवून ठेवण्याची सोय त्यात आहे.

आकृती समोर आली की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की तिला वृक्ष म्हणणे तितकेसे बरोबर नाही. एका शिष्याला दोन गुरू असतात. दूर गेलेल्या फांद्या दोन-तीन पिढ्यांवर पुन्हा एकत्र येतात. वृक्षापेक्षा ते नद्यांच्या जाळ्यासारखे दिसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही परंपरा युरोपातील विद्यापीठांशी थांबत नाही. ती कॉन्स्टँटिनोपलमार्गे तेराव्या शतकातील इराणच्या नसीरुद्दीन तुसीपर्यंत पोहोचते. तुसीच्या काळी पीएच.डी. नव्हती. फार लांब कशाला, नुकतेच २०२५ मध्ये दिवंगत झालेले डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये ज्यांचे शिष्य, त्या फ्रेड हॉयल यांनीही पीएच.डी. कधी घेतलीच नाही. म्हणजे नाते पदवीचे नव्हे, विद्येचे, हे या प्रणालीलाही मान्य करावे लागले. २००५ मध्ये मेंदुविज्ञानासाठी सुरू झालेल्या आणि नंतर इतर विद्याशाखांत पसरलेल्या ‘न्यूरोट्री’ने तर नात्यांचे वेगवेगळे प्रकारच स्वीकारले: पदवीसाठीचा विद्यार्थी, पदवीनंतर हाताखाली काम करणारा, संशोधन साहाय्यक.

मग आपल्या नोंदींचे काय? खानदेशाने तरी हा प्रश्न विचारावाच. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी येथे इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि आपल्या कुळातील विद्वानांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे दगडावर कोरून ठेवली. ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञांचे शिष्य गोलग्रामचे दिवाकर, आणि त्यांच्या घराण्यातील कमलाकराने १६५८ मध्ये काशीत लिहिलेला ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’, ही दुसरी साखळी. अशी घराणी शं. बा. दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त एकट्याने, संगणकावाचून, जुळवून दाखवली. केरळात माधव, परमेश्वर, दामोदर, नीलकंठ अशी रेष आहेच. तुसीला जागा देणाऱ्या भांडारात यांना जागा मागायची, तर नुसती तक्रार पुरणार नाही; पुराव्यासह नोंदी आपणच तयार करून द्याव्या लागतील.

हा प्रश्न केवळ प्राचीन वैभवाचा मानला तर नंदुरबारवर अन्याय होईल. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात दर शंभरांत सुमारे ६९ जण वनवासी समाजातील. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा घरांतून आज जो तरुण संशोधनापर्यंत पोहोचतो, त्याच्या रक्ताच्या वंशावळीत शाळेची पायरी चढलेले बहुधा कोणी नसते. दुसऱ्या वंशावळीत मात्र तो कोणत्याही शास्त्रीघराण्याच्या वारसाइतकाच कुलीन असतो. कुळ वेगळे आणि गुरुकुळ वेगळे, हे महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखले होते. शिंपी कुळातील नामदेवांचे गुरू विसोबा खेचर, आणि नामदेवांना गुरू मानणारे चोखोबा. खुद्द तळोदा परिसरात १९३० च्या दशकात गुलाम महाराजांनी व्यसनमुक्तीचा मंत्र दिला आणि त्यांच्यामागे बंधू रामदास महाराजांनी ते कार्य चालवले. गुरुपरंपरा या मातीला नवी नाही.

एक काटा मात्र राहतोच. भिल्ल समाज ज्याला आपला पूर्वज मानतो, त्या एकलव्याची रेष कोणाकडून ओढायची? द्रोणाचार्यांनी त्याला शिष्य म्हणून स्वीकारले नाही. त्याने त्यांना गुरू मानले आणि किंमतही मोजली. मार्गदर्शकाची सही मागणाऱ्या कोणत्याही प्रणालीत एकलव्य निपुत्रिक गुरूचा निगुरा शिष्य ठरेल. नात्यांचे प्रकार वाढवणारी प्रणाली म्हणूनच आपल्याला अधिक जवळची. प्रबंधावर सही एकाची, पण हातात पहिले पुस्तक देणारा आश्रमशाळेतला शिक्षक दुसराच, ही येथील नित्याची स्थिती आहे. त्या शिक्षकासाठी रकाना हवा.

अशा आकृतीने काही जणांची पंचाईतही होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायक प्राध्यापकास चार संशोधकांची मर्यादा घातली आहे. कोणी किती जणांना खरोखर घडवले आणि कोणी केवळ सह्या केल्या, याचा अंदाज पुढची पिढी पाहिली की येतो. ज्याच्या फांदीला पुढे पालवीच नाही, त्याला विचारणा व्हायला हरकत नसावी.

काम अवघड नाही, किचकट आहे. एकाच मार्गदर्शकाचे नाव कोठे आद्याक्षरांनी, कोठे पूर्ण, कोठे आडनाव आधी असे नोंदलेले असते. ते यंत्राला तीन माणसांसारखे दिसते. हे जुळवायला माणसेच लागतात, आणि पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी ते एका सत्रात करू शकतील. त्याहून निकडीचे काम वेगळे. १९९० पूर्वी खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी जोडलेली होती. त्या काळच्या प्राध्यापकांचे मार्गदर्शक कोण आणि त्यांना शिकवले कोणी, हे पुष्कळदा कागदावर नाही. ते निवृत्तांच्या आठवणीत आहे, आणि त्यांतले बहुतेक आज ऐंशीच्या घरात आहेत.