महिन्याची रक्कम आणि घरचा हिशेब



बारावीचा निकाल लागला की आपल्या बालाघाटातील घराघरांत एकच चर्चा सुरू होते. जबलपूर की नागपूर? इंदूर की भोपाळ? कुणी पुण्याचे नाव काढतो. कोणते कॉलेज, कोणती शाखा, किती टक्क्यांवर प्रवेश, हे सारे बोलले जाते. मात्र मुलगा किंवा मुलगी तिथे महिन्याला किती पैशांत राहणार, ते पैसे घरी कुठून येणार आणि त्यांचा हिशेब कोण ठेवणार, हा विषय बहुधा गाडी सुटण्याच्या आदल्या रात्री निघतो. आई पिशवीत लाडू भरत असते आणि बाबा म्हणतात, "लागतील तेव्हा सांग, पाठवून देईन." या प्रेमळ वाक्याविषयी मला आज थोडे लिहायचे आहे.

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे 'बजट' हा शब्द कानावर पडायचा आणि तो सरकारचा विषय वाटायचा. आपल्या मराठीत मात्र एक सोपा घरगुती शब्द आहे, 'जमाखर्च'. त्यात जमा आधी येते आणि खर्च नंतर. "लागतील तेव्हा सांग" या पद्धतीत हा क्रम उलटा होतो. मूल आधी खर्च करते आणि जमा मागून येते. पूर्वी मनिऑर्डर पोचायला आठवडा लागत असे, त्यामुळे पुढचा विचार करावाच लागायचा. आता मोबाईलवरून क्षणात पैसे जातात. सोमवारी दोनशे, बुधवारी पाचशे, शनिवारी पुन्हा तीनशे. महिनाअखेरीस एकूण किती गेले हे वडिलांना सांगता येत नाही आणि मुलालाही सांगता येत नाही. वीस वर्षांचा तरुण प्रत्येक चहासाठी घरी फोन करत असेल, तर तो घर सोडूनही घरातच राहिला असे म्हणावे लागेल.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलाला महिन्याची एक ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला द्यावी. ती घरात कशी येते हे त्याला मोकळेपणाने सांगावे. आणि ती कशी खर्च करायची हे त्याच्यावर सोपवावे.

ठरलेली रक्कम माणसाला काय शिकवते याचे एक मोठे उदाहरण आपल्याच राज्यात महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड. न्यूयॉर्कसारख्या शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकायचे, राहायचे, जेवायचे आणि त्यातूनच घरी पैसे पाठवायचे. त्यांनी स्वतःच्या खाण्यापिण्यावर आणि करमणुकीवर काटकसर केली. पण याच विद्यार्थ्याने तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके विकत घेतली! काटकसर आणि कंजूषपणा यांतला फरक इथे दिसतो. कंजूष माणूस सगळीकडेच हात आखडतो. हिशेबी माणूस नऊ ठिकाणी हात आखडतो, कारण दहाव्या ठिकाणी त्याला मोकळ्या हाताने खर्च करायचा असतो. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून ते परत आले, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. त्या बचतीवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेल्या कर्जावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रुपया!

आपल्या मराठी समाजात गरीब विद्यार्थ्याच्या खर्चाचा विचार पूर्वीपासून झालेला आहे. पुण्यात शिकणारी गरीब मुले वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा व शिका' हा मार्ग दाखवला. दुसऱ्याच्या घरच्या वारापेक्षा स्वतःच्या श्रमाची भाकरी बरी, हा विचार त्यामागे होता. पुणे विद्यापीठात या नावाची योजना आजही चालते. पुण्याला जाणाऱ्या आपल्या मुलांनी तिची चौकशी जरूर करावी. तिथे काम करण्यात कमीपणा मुळीच नाही.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे येऊ. आपल्या बालाघाटकरांच्या हिशेबातील पहिली ओळ खोलीभाड्याची नसते, राज्याच्या सीमेची असते. १९५६ पूर्वी नागपूर ही आपल्याच प्रांताची राजधानी होती. आजही आपले नातेवाईक, बाजार, दवाखाना सारे तिकडेच आहे आणि भोपाळपेक्षा नागपूर कितीतरी जवळ आहे. पण प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या कागदावर आपण महाराष्ट्रात परराज्यातील ठरतो. मध्य प्रदेशातील जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातील आरक्षण मिळत नाही. आपल्या राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आहे. राज्य मंडळाच्या बारावीत ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५ टक्के मिळवणाऱ्या आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मुलांची फी त्यातून भरली जाते. नागपूरच्या एखाद्या सामान्य खासगी कॉलेजात ही सवलत मिळेलच असे कुणीही गृहीत धरू नये. जवळचे नागपूर अशा रीतीने दूरच्या जबलपूरपेक्षा महाग पडू शकते. प्रवेश घेण्यापूर्वी दोन्हीकडची तीन वर्षांची एकूण बेरीज कागदावर मांडावी आणि मगच निर्णय घ्यावा. शिवाय ही योजना फीसाठी आहे. खोली आणि मेसचे पैसे आपल्यालाच उभे करायचे असतात.

समजा, घरून महिन्याला ९,००० रुपये देणे शक्य आहे. दोघांत मिळून घेतलेल्या खोलीचे आपल्या वाट्याचे भाडे २,८०० आणि मेसचे ३,०००. हे ५,८०० रुपये पैसे हातात येताच पहिल्या पाच दिवसांत देऊन टाकावेत. डोक्यावर छप्पर आणि ताटात अन्न निश्चित झाले की मन अभ्यासाला मोकळे होते. उरले ३,२००. त्यातून शहरातला प्रवास ५००, मोबाईल ३००, वह्या आणि झेरॉक्स ५००, साबण-तेल-धुणे ४०० आणि घरी ये-जा करण्यासाठी ५००. बाकी राहिलेल्या हजारातले ५०० चहा-नाश्ता आणि मित्रांच्या वाढदिवसांसाठी. हा खर्च होतोच, तो लपवण्यापेक्षा मांडलेला बरा. शेवटचे ५०० राखीव. परीक्षा फी, ताप-सर्दी, हरवलेले ओळखपत्र या गोष्टी दरमहा येत नाहीत, पण वर्षातून येतातच. आकडे प्रत्येक घराचे आणि प्रत्येक शहराचे वेगळे असतील, क्रम मात्र हाच ठेवावा. पहिला महिना नेहमीच महाग जातो, कारण खोलीची अनामत रक्कम, गादी, बादली, पुस्तके एकदमच येतात. त्याची तजवीज वेगळी करावी.

मित्रांनो, रोज रात्री दोन मिनिटे काढा आणि दिवसभराचा खर्च वहीत लिहा. मोबाईलमध्ये लिहिलात तरी चालेल. दुपारचा चहा-समोसा ४० रुपयांचा, म्हणजे महिन्याला १,२०० रुपये! चहा पिऊ नका असे मी म्हणत नाही. आपण किती पितो ते माहीत असावे, एवढेच. मोबाईलवरून पैसे देताना नोट हातातून जात नाही, त्यामुळे खर्च झाल्याचे मनाला जाणवत नाही. लिहिल्याने ते जाणवते.

दोन सापळ्यांपासून मात्र कटाक्षाने दूर राहा. पहिला, मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप. समजा तीन हजारांचे कर्ज घेतले, ६०० रुपये 'शुल्क' म्हणून आधीच कापले, हातात २,४०० आले आणि पंधरा दिवसांत ३,००० परत करायचे. हे पंधरा दिवसांचे २५ टक्के झाले! गावच्या सावकारालाही लाज वाटावी असा हा दर आहे. कर्ज देणाऱ्याने वार्षिक दर आधी स्पष्ट सांगितला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. जो सांगत नाही त्याच्या दारात उभे राहू नका. दुसरा सापळा याहून भयंकर आहे. "तुझे बँक खाते काही दिवस वापरायला दे, कमिशन देतो," असे कुणी म्हणाले तर तिथूनच परत फिरा. फसवणुकीचे पैसे अशाच खात्यांतून फिरवले जातात आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा आणि त्याच दिवशी घरी सांगा. घरच्यांचा राग दोन दिवसांचा असतो, कर्जाचा ताण वर्षानुवर्षे राहतो.

शैक्षणिक कर्जाची गोष्ट वेगळी आहे. ते बँकेचे असते, त्यात फीबरोबर वसतिगृह आणि पुस्तकांचा खर्चही धरता येतो आणि हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. पण एक गोष्ट मुलांना समजावून सांगितली जात नाही. शिकत असतानाच्या काळातही व्याज सहसा चढत असते. ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याने हा आकडा दरवर्षी एकदा तरी बँकेत जाऊन पाहावा.

पालकांनो, आता थोडे आपल्याविषयी. आपण घरची तंगी मुलांपासून लपवतो. "तू फक्त अभ्यास कर, पैशाची काळजी आम्ही करू," असे म्हणतो. भावना चांगली आहे, पण परिणाम चांगला होत नाही. ज्याला धान विकल्यावर काय हाती आले, भरवेलीच्या खाणीतल्या पाळीचा पगार किती, दुकानाची उधारी किती अडकली हे ठाऊकच नाही, तो मुलगा मित्राची मोटारसायकल पाहून तशीच मागणार. त्यात दोष त्याचा किती? हिशेब दाखवणे म्हणजे मुलावर ओझे टाकणे नव्हे. तो घरातला जाणता माणूस झाला, ही त्याची पावती आहे. आणि मुलींबाबत एक विशेष सांगणे. मुलगा मागून घेतो, मुलगी बरेचदा मागत नाही. ती रात्रीचे जेवण टाळते, बिस्किटावर भागवते आणि फोनवर "सगळे ठीक आहे" म्हणते. मागत नाही म्हणजे लागत नाही, असे समजू नका. ठरलेली रक्कम तिच्यासाठी तर अधिकच आवश्यक आहे, कारण मग तिला मागावे लागत नाही.

शेवटी विश्वस्त मंडळींना एक विनंती. आपल्या शाळेतून गेलेली एक हुशार मुलगी पहिल्या वर्षीच घरी परतली. नापास झाली नव्हती. शिष्यवृत्ती मंजूर होती, पण ती खात्यात यायला काही महिने लागले आणि तोवरचे सहा-सात हजार रुपये घरात नव्हते. पैसे आले तेव्हा परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख निघून गेली होती. एका वर्षाची आणि एका उमेदीची किंमत सहा-सात हजार! आपल्या समाजाने गणेशोत्सवासाठी, सभागृहासाठी वर्गणी कधी कमी पडू दिली नाही. तसाच एक छोटा 'परतीचा निधी' शाळेत असावा. शिष्यवृत्ती येईपर्यंत माजी विद्यार्थ्याला बिनव्याजी रक्कम द्यावी आणि ती आली की त्याने परत करावी, म्हणजे तेच पैसे पुढच्या मुलाच्या कामी येतील. जोडीला अकरावी-बारावीच्या मुलांसाठी दर शनिवारी एक तास ठेवता येईल. त्यात उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि महिन्याचा जमाखर्च, हे सर्व त्यांच्याकडून प्रत्यक्ष करून घ्यावे. त्यासाठी लागणारे शिक्षक आणि वेळ देण्यास मी तयार आहे. निधीचा निर्णय आपण येत्या बैठकीत घ्यावा, ही नम्र विनंती.

यंदा जी मुले वैनगंगेचा पूल ओलांडून बाहेरच्या शहरात जातील, त्यांच्या पिशवीत लाडवांबरोबर एक कोरी वही जरूर ठेवा. पहिल्या पानावर आई-वडिलांच्या हाताने जमा लिहिलेली असावी. पुढची पाने तो किंवा ती भरेल.

सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा!

आपला,
प्राचार्य