घर न सोडता केलेले भांडण

इस्लाम आणि पंक संगीत हे दोन शब्द एका वाक्यात आले, की आपल्याकडील भल्याभल्या पुरोगाम्यांना हसू येते. नमाजाची शिस्तबद्ध रांग कुठे आणि रंगवलेले केस उभे करून गिटार बडवणारी पोरे कुठे! परंतु हसण्यापूर्वी थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे.

पंक संगीत ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, बेकारी वाढत असताना फोफावले. अर्थशास्त्र शिकवण्यात हयात गेल्यामुळे मला त्यात प्रथम दिसते ते हे, की त्याला भांडवल फारसे लागत नाही. जुनी गिटार आणि मनातला राग एवढ्यावर भागते. ज्यांना कोणी व्यासपीठ देत नाही, त्यांना ते जवळचे वाटावे, हे ओघानेच आले.

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेतील मुस्लिम तरुणांची अवस्था अशीच होती. बाहेर संशय, घरात उपदेश. किशोरवयात इस्लाम स्वीकारलेल्या मायकेल मुहम्मद नाइट ह्यांनी ‘द तक्वाकोर्स’ ही कादंबरी लिहून २००३च्या सुमारास तिच्या झेरॉक्स प्रती स्वतःच वाटल्या. तक्वा म्हणजे ईश्वराचे सतत भान. त्याला ‘हार्डकोर’ ह्या कर्कश पंक प्रकाराचे शेपूट जोडलेले. बफेलो शहरातील एका घरात काही तरुण राहतात. रात्री जिथे धिंगाणा, तिथेच जुम्म्याची नमाज. आणि बुरखा घेतलेली एक स्त्रीवादी तरुणी तिथे नमाज पढवते. असे घर प्रत्यक्षात कुठेच नव्हते. वाचणाऱ्या मुलांना मात्र ते हवेसे वाटले. बोस्टनकडे ‘द कोमिनाज’ (आपल्या ओळखीच्या ‘कमीना’ ह्या शब्दावरूनच), शिकागोत ‘अल् थौरा’, कॅनडात ‘सीक्रेट ट्रायल फाइव्ह’ अशी पथके ह्या नावाभोवती गोळा झाली. पुढे पत्रकारांनी त्याचा बाजार मांडल्यावर काहींना ते लेबलही नकोसे झाले, हे साहजिकच.

ह्यांना धर्म सोडायचा नव्हता, हे आपल्याला पचायला जड जाते. इतके आक्षेप असतील तर बाहेर पडा, असे विवेकवादी माणूस म्हणतो. मीही म्हणत आलो. पण बाहेर पडणारा घराची मालकी मौलवींच्या हाती ठेवून जातो, ह्याचा विचार मी पुरेसा केला नव्हता. ही पोरे मालकी सोडायला तयार नव्हती.

२००७ साली ही पथके शिकागोजवळ, इस्लामिक सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिका ह्या मोठ्या संस्थेच्या अधिवेशनात, खुल्या मंचावर जाऊन गायली. ‘सीक्रेट ट्रायल फाइव्ह’च्या मुली गाऊ लागल्या, तेव्हा स्त्रियांनी मंचावर गावे हे संयोजकांना मानवले नाही. पोलीस आले, कार्यक्रम बंद पडला. ह्या पथकाचे नाव कॅनडा सरकारने गुप्त पुराव्यांच्या आधारे डांबून ठेवलेल्या पाच मुस्लिम पुरुषांवरून घेतलेले आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत घटनाविरोधी ठरवली होती. आपल्याच बांधवांच्या बंदिवासाचे नाव मिरवीत आलेल्या मुलींना उतरवण्यासाठी समाजाच्या धुरीणांना पोलिसांचीच मदत घ्यावीशी वाटली!