कोलंबियाचा संप आणि आपली फेलोशिप

कोलंबिया विद्यापीठ म्हटले की आपल्याला बाबासाहेब आठवतात. १९१३ ते १९१६ या काळात बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला तिथे शिकले. त्याच विद्यापीठात ३ नोव्हेंबर २०२१ रोजी सुमारे तीन हजार विद्यार्थी-कामगार संपावर गेले आणि दोन महिन्यांहून अधिक काळ टिकून राहिले. आपल्या संशोधक विद्यार्थ्यांनी हा संप नीट समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

हे विद्यार्थी पीएचडी करताना वर्ग घेतात, पेपर तपासतात, प्रयोगशाळा चालवतात. विद्यापीठाचे म्हणणे होते की ते मुळात विद्यार्थी आहेत. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने कोलंबियाच्याच प्रकरणात निकाल दिला की असे काम करणारे विद्यार्थी कामगारही आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी मतदान करून युनियन निवडली. तरीही प्रत्यक्ष वाटाघाटी सुरू व्हायला २०१९ उजाडले.

मार्च २०२१ मध्ये पहिला संप झाला. त्यातून निघालेला कराराचा मसुदा सभासदांनी मतदानात फेटाळला आणि नवी वाटाघाटी समिती निवडली. नेत्यांनी मान्य केलेला मसुदा सभासद नाकारू शकतात, ही गोष्ट आम्हाला पगाराच्या आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते.

नोव्हेंबरच्या संपात राहणीखर्चाला पुरेल असा पगार, दातांच्या उपचारांचा विमा, सर्व विद्यार्थी-कामगारांना युनियनमध्ये मान्यता, आणि छळ किंवा भेदभावाच्या तक्रारीत विद्यापीठाबाहेरच्या तटस्थ लवादाकडे जाण्याचा हक्क, या मुख्य मागण्या होत्या. डिसेंबरमध्ये विद्यापीठाने कळवले की ठरलेल्या तारखेपर्यंत कामावर न आलेल्यांना पुढच्या सत्रातल्या कामाची हमी नाही. विद्यार्थी हटले नाहीत. ७ जानेवारी २०२२ रोजी समझोता झाला. पगारवाढ मिळाली आणि तटस्थ लवादाचा मार्गही मिळाला.

त्याच सुमारास हार्वर्डच्या विद्यार्थी-कामगारांनीही तीन दिवसांचा संप केला. त्यांच्या नव्या करारात भेदभावाविरुद्धच्या संरक्षणात 'जात' हा शब्द आला. गाइड हाच तक्रारीचा विषय असेल आणि चौकशीही त्याच्याच सहकाऱ्यांकडे असेल, तर काय होते हे आपल्या मुलामुलींना सांगायला नको. म्हणून ही दोन कलमे आपल्यासाठी मोलाची आहेत.

बाबासाहेबांची भूमिका इथे स्पष्ट आहे. संपावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत झालेल्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष पुढे होता. संपाचा हक्क त्यांनी माणसाच्या स्वातंत्र्याशी जोडला. मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये मालकाने युनियनला मान्यता देणे सक्तीचे करणारे विधेयकही त्यांनी मांडले. मान्यता नसेल तर मालक कामगारांशी बोलायलाच बसत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आता आपल्याकडे पाहू. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधकांनी पुण्यात आणि आझाद मैदानावर अनेकदा ठिय्या दिला. पण प्रत्येक वेळी आपण निवेदन देतो आणि शासन निर्णयाची वाट पाहतो. आपल्या हातात दोन्ही बाजूंनी सही केलेला करार नसतो. त्यामुळे आज मिळालेले उद्या दुसऱ्या निर्णयाने कमी होऊ शकते, आणि पुढच्या तुकडीला पुन्हा मैदान गाठावे लागते.

कोलंबियाची नक्कल करा, असे आम्ही म्हणत नाही. तिथे कायद्याचा आधार होता, पाठीशी मोठी युनियन होती, संपकाळात युनियनच्या निधीतून भत्ता मिळत होता. आपल्याकडे फेलोशिप थांबली की पहिल्या पिढीतला संशोधक आधी खोली सोडतो, मग गावी परततो.

म्हणूनच तयारी आंदोलनाच्या आधी व्हायला हवी. फेलोशिपधारकांकडून विभागात कोणते काम किती तास करून घेतले जाते, याची लेखी नोंद ठेवा. समिती मतदानाने निवडा आणि तिचा प्रत्येक समझोता सर्वांपुढे मताला टाका. नोकरीला लागलेल्या माजी संशोधकांनी दरमहा थोडे पैसे काढून अडचणीच्या काळासाठी निधी उभा करावा. आणि मागणीपत्रात रकमेच्या खालोखाल एक ओळ कायम ठेवा: जातीय छळाच्या तक्रारीची चौकशी विद्यापीठाबाहेरच्या तटस्थ व्यक्तीकडून व्हावी.